लॉक कोणी लावायचे? ओपनएसएसएल १.०.२, ३.० आणि जीएनयूटीएलएस

सर्व्हर एरवी नीट चालतो, लोड वाढला की हँडशेकमध्ये (सुरक्षित कनेक्शन जुळवताना) सेगफॉल्ट, म्हणजे चुकीच्या मेमरीला हात लागून कोसळणं, आणि कोअर डंप (कोसळतानाची मेमरीची प्रत) दर वेळी वेगळीच जागा दाखवतो. सी किंवा सी++ मधला जुना मल्टिथ्रेडेड (एकाच वेळी अनेक थ्रेड चालवणारा) सर्व्हर आणि खाली ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शनची लायब्ररी, तीही १.०.२, असेल, तर आधी लॉकिंग कॉलबॅक बघा, म्हणजे सामायिक डेटावर एका वेळी एकच थ्रेड यावा म्हणून लायब्ररीने बोलवायचं तुमचं फंक्शन. ही आवृत्ती स्वतः लॉक लावत नाही. कॉलबॅक दिला नाही तरी तक्रार करत नाही, नुसती लॉकशिवाय चालू राहते.

कॉलबॅक दिलाय आणि तरी पडतोय? मग नंतर तो कोणी बदलला का, हे शोधा. अख्ख्या प्रोसेसला तो एकच असतो. पोस्टग्रेस डेटाबेसला जोडणारी लायब्ररी लिबपीक्यूसुद्धा आपला कॉलबॅक बसवू पाहायची. तिला आवरायचं तर पहिलं कनेक्शन उघडण्याआधी तिच्या पीक्यू-इनिट-ओपनएसएसएल या फंक्शनला दोन्ही आर्ग्युमेंट शून्य द्यावे लागतात. एखाद्या प्लगिनने कॉलबॅक बसवला आणि ते प्लगिन अनलोड झालं, की पॉइंटर रिकाम्या जागेकडे बोट दाखवत राहतो. जीडीबी या डीबगरमध्ये सध्याच्या कॉलबॅकचा पत्ता काढून 'इन्फो सिम्बॉल' दिलं की मालक कोण ते कळतं.

एवढं करून १.०.२ वरच राहायचं का? माझ्या मते नाही. तिचा सर्वसाधारण सपोर्ट २०१९ अखेर संपला. २०१६ च्या १.१.० पासून लायब्ररी स्वतःच एकदा इनिशियलाइझ होते आणि सिस्टिमचेच लॉक वापरते. जुने कॉलबॅक बसवणारी फंक्शनं आता रिकामे मॅक्रो आहेत. कंपायलर फार तर 'फंक्शन वापरलं नाही' असं कुरकुरेल. खरा खर्च दुसरीकडे: लायब्ररीची स्ट्रक्चर आता झाकलेली आहेत, त्यांच्या आतल्या फील्डना थेट हात घालणारा कोड बदलावा लागतो.

३.० वर दोन गोष्टी सांभाळा. बंद होताना सर्व्हर कोसळत असेल, तर ॲटएक्झिट (प्रोग्राम संपताना आपोआप चालणारा कोड) लायब्ररीची साफसफाई करतंय आणि तुमचे थ्रेड अजून चालू आहेत. आधी थ्रेड जॉइन करा (ते संपेपर्यंत थांबा), नाहीतर लायब्ररीच्या पहिल्याच इनिटला (सुरुवातीच्या कॉलला) 'नो ॲटएक्झिट' फ्लॅग द्या. दुसरं, वेग. दर वेळी नावाने अल्गोरिदम मागवला की शोधाशोध आणि लॉकची गर्दी होते. सुरुवातीलाच अल्गोरिदम एकदा फेच करून (मागवून) तोच पॉइंटर वापरा. एचएप्रॉक्सी या लोड बॅलन्सरवाल्यांनी ३.० च्या वेगाबद्दल जाहीर नाराजी मांडली आहे, तेव्हा थ्रेड भरपूर असतील तर स्वतः मोजूनच ठरवा.

जीएनयूटीएलएस ही ओपनएसएसएलसारखीच दुसरी लायब्ररी, तीही ३.३ पासून आपोआप इनिशियलाइझ होते. तिची एक सोय मला आवडते: एकाच सेशनवर (एका कनेक्शनवर) एक थ्रेड पाठवतोय आणि दुसरा वाचतोय, हे तिथे चालतं. ओपनएसएसएलमध्ये कॉन्टेक्स्ट (सर्टिफिकेट वगैरे सामायिक सेटिंग) सगळ्या थ्रेडनी वाटून घेता येतो, पण एक कनेक्शन एका वेळी एकाच थ्रेडच्या हातात हवं, ३.० वर जाऊनही हे बदलत नाही. तुमच्या सर्व्हरचा साचाच वाचणारा-लिहिणारा वेगळा असा असेल, तर एपीआय नव्याने शिकण्याची मेहनत वसूल होते. नसेल, तर ३.० वर जा आणि कॉलबॅकचा कोड खुशाल पुसून टाका.