लेगोची युद्धनौका: तयार हल की विटांची बांधणी?

लेगोच्या विटांतून शिडाची युद्धनौका उभारताना पहिला निर्णय हलचा, म्हणजे जहाजाच्या मुख्य अंगाचा, घ्यावा लागतो. १९८९ साली आलेल्या समुद्री चाच्यांच्या संचांपासून नाळ (जहाजाचे पुढचे टोक), मधला भाग आणि मागची बाजू असे साच्यातले अखंड तुकडे मिळतात. ते जोडले की थोड्याच वेळात पक्का पाया तयार होतो आणि मधले तुकडे वाढवून लांबीही वाढवता येते. रुंदी मात्र साच्यानेच ठरवलेली असते. ब्रिगसाठी, म्हणजे दोन डोलकाठ्यांच्या शिडाच्या जहाजासाठी, एवढे पुरेसे आहे.

परंतु १७६५ साली पाण्यात उतरलेल्या, तोफांचे तीन मजले असलेल्या ‘एचएमएस व्हिक्टरी’सारखे जहाज घडवायचे असेल, तर माझे मत निःसंशय विटांच्या बाजूने आहे. अशा जहाजाच्या बाजू वर जाताना आत झुकतात आणि हा डौल तयार तुकड्यांत येत नाही. त्यासाठी आतून चौकट उभारून तिच्यावर कडेवर वळवलेल्या प्लेट्सचे, म्हणजे पातळ सपाट विटांचे, पट्टे बिजागऱ्यांनी टांगावे लागतात. प्लेटची जाडी ३.२ मिमी आणि विटांवरच्या दोन उंचवट्यांमधील अंतर ८ मिमी असल्यामुळे कडेवर वळवलेल्या पाच प्लेट्स बरोबर दोन उंचवट्यांच्या जागेत बसतात, आणि तोफांची दारे सरळ ओळीत येतात.

खर्च आणि वजन अर्थातच वाढते. सुमारे ५७ मीटर लांबीचा व्हिक्टरीचा तोफमजला १:४० प्रमाणात सुमारे १.४ मीटर भरतो. एवढी लांबी नुसत्या विटांच्या पकडीवर उचलली, तर ती मधोमध सुटते, म्हणून चौकटीत लेगोच्याच टेक्निक मालिकेतले भोकांचे दांडे पिनांनी जोडून घ्यावेत.