नाव झाकलेले, अभिप्राय मात्र खरा : म्हापशातील एका आयुर्वेदिक मसाज केंद्राविषयी

गोव्यात मसाज केंद्राविषयी चार ओळी लिहायच्या म्हटले की लिहिणाऱ्याचा हात आखडतो. कंबरदुखीसाठी तेल लावून घेण्यात लपवण्यासारखे काहीच नाही; परंतु किनारपट्टीवरील स्पांवर पडलेल्या छाप्यांच्या बातम्या वर्षानुवर्षे वाचत आलेल्या समाजात अशा केंद्राची पायरी चढणाऱ्या माणसाकडे, आणि त्यातही बाईकडे, लोक वेगळ्या नजरेने पाहतात. शिवाय आपला प्रदेश इतका लहान, की कोणाची गाडी कोणाच्या दारात उभी होती हे संध्याकाळपर्यंत वाड्यावर कळलेले असते. परिणामी ज्यांना खरोखर गुण आला ते गप्प बसतात, आणि ऑनलाइन जागा भरून निघते ती दोन दिवसांच्या पर्यटकांनी दिलेल्या ताऱ्यांनी, मालकाच्या आप्तेष्टांच्या कौतुकाने, किंवा मसाजच्या आडून केलेल्या एस्कॉर्ट सेवेच्या जाहिरातींनी. दुखणे घेऊन योग्य जागा शोधणाऱ्या माणसाला या गर्दीत खरे काय ते कळावे कसे?

म्हापशातील ज्या केंद्राविषयी मी लिहीत आहे, त्याने हा पेच बऱ्याच अंशी सोडवलेला आहे. म्हणूनच तेथील उपचारांइतकेच अभिप्राय घेण्याच्या त्यांच्या पद्धतीविषयीही सविस्तर लिहावेसे वाटते. केंद्राचे नाव येथे देत नाही, कारण तेथे उपचार करणाऱ्या बायका मोजक्याच आहेत आणि केंद्र कळले की मी त्यांच्यापैकी कोणाविषयी लिहिले आहे हे ओळखणे फारसे अवघड राहत नाही.

प्रथम उपचाराविषयी. तेथे आल्याबरोबर कोणी टेबलावर झोपवत नाही. वैद्य आधी रक्तदाब तपासतात, चालू असलेल्या गोळ्या विचारतात, मणक्याचा एमआरआय काढलेला असेल तर तो पाहतात आणि मगच काय करायचे व काय टाळायचे ते ठरवतात. मला महानारायण तेलाचा अभ्यंग आणि कटीबस्ती सांगण्यात आली. कटीबस्तीसाठी उडदाच्या पिठाचे जाड कडे कंबरेवर बसवले जाते. ते तेल गळू देऊ नये म्हणून उपचार करणारी बाई पाण्यात बोट बुडवून त्याची आतली-बाहेरची कड सावकाश दाबून घेत होती आणि नंतर कोमट तेल चमच्याने आत सोडत होती. तेल निवत आले की कापसाच्या बोळ्याने टिपून काढायचे, पुन्हा गरम करायचे, आणि ओतण्यापूर्वी विचारायचे, ‘‘बाय, फार गरम नाही ना?’’ स्त्रियांचे उपचार स्त्रियाच करतात, पुरुषांचे पुरुष, आणि दोघांचे विभाग वेगळे आहेत. तासाभराच्या अभ्यंगाला १,८०० रुपये व कटीबस्तीला ९०० रुपये असे दर भिंतीवरच्या फलकावर लिहिलेले असून त्याहून एक रुपयाही अधिक मागितला गेला नाही. दुखणे पुरते गेले असे मी म्हणणार नाही. पण सकाळी वाकून बादली उचलताना येणारी कळ बरीच कमी झाली, आणि एवढेच होईल असे वैद्यांनी आधी सांगितले होते.

प्रतीक्षा करण्याच्या खोलीत कोणाचेही नाव मोठ्याने पुकारले जात नाही. केसपेपरवरच्या नोंद क्रमांकाने बोलावतात. वेळेची आठवण करून देणारा संदेश व्हॉट्सॲपवर येतो, पण त्यात फक्त वार आणि वेळ असते, उपचाराचे नाव नसते. घरात एकच फोन चौघांच्या हाती फिरत असेल तर या साध्या गोष्टीचे मोल कळते.

अभिप्राय घेण्याची पद्धतही याच धोरणाला धरून आहे. उपचारांचा क्रम पूर्ण झाल्यावर ग्राहकाला एक दुवा पाठवला जातो आणि पावतीचा क्रमांक घातल्याशिवाय तो उघडत नाही. एका पावतीवर एकदाच लिहिता येते. म्हणजे लिहिणारा खरोखर येऊन गेला आहे याची खातरजमा आतल्या आत होते, नाव व फोन क्रमांक केंद्राच्या नोंदवहीतच राहतात, आणि संकेतस्थळावर दिसतो तो केवळ उपचाराचा प्रकार, तालुका आणि लिहिलेला मजकूर. गाव मुद्दाम दिलेले नसते. हे फार विचारपूर्वक केलेले आहे असे मला वाटते, कारण वय, गाव आणि आजार एवढ्या तीन गोष्टी एकत्र आल्या की म्हापशाच्या बार्देश तालुक्यातल्या कोणत्याही छोट्या गावात नाव वेगळे सांगावे लागत नाही. अभिप्राय लगेच प्रसिद्ध न करता महिन्याअखेरीस एकत्र प्रसिद्ध करतात, हीदेखील त्याच काळजीची पुढची पायरी आहे.

नाव नसेल तर विश्वास कशावर ठेवायचा, असा प्रश्न यावर हमखास विचारला जातो. माझ्या मते विश्वास बसतो तो मजकुरातल्या कामाच्या तपशिलावर. ‘अप्रतिम अनुभव, नक्की भेट द्या’ असे पूर्ण नावानिशी व छायाचित्रासह लिहिलेले असले तरी त्यातून वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. उलट, ‘शिरोधारेनंतर केस धुण्याची सोय होती, पण पाणी कोमट नव्हते’ हे वाक्य निनावी असूनही तेथे जाऊन आलेल्या माणसाचेच आहे हे कळते. पाण्याविषयीची ती तक्रार केंद्राने काढून टाकलेली नाही, तिच्याखाली नवीन गीझर बसवल्याचे उत्तर आहे, आणि मी गेले तेव्हा गीझर खरोखरच होता. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक आणले. त्यात सचोटी, अचूकता आणि पारदर्शकतेच्या जोडीला गोपनीयता व सुरक्षितता ही तत्त्वेही मांडलेली आहेत, आणि लिहिणाऱ्याची पडताळणी कोणकोणत्या मार्गांनी करता येईल हेही सांगितले आहे. ते ऐच्छिक आहे, त्यामुळे छोट्या केंद्रांकडून त्याची अपेक्षा कोणी करत नाही. या केंद्राने त्याचा आशय आपल्या ऐपतीप्रमाणे अमलात आणला आहे, हे मला विशेष वाटते.

याच्या नेमके उलट उदाहरण दक्षिण गोव्यातील सासष्टी तालुक्यातल्या एका केंद्राच्या पानावर मी वाचले. एका स्त्रीने नाराजीच्या दोन ओळी लिहिल्या होत्या, आणि तिला खोटे ठरवण्याच्या भरात मालकाने तिला साखरेचा आजार आहे, पायाला सूज होती, ती कोणत्या वारी आली आणि कोणत्या दिवशी आलीच नाही, हे सारे उत्तरात लिहून टाकले. ती बाई खरी ग्राहक होती हे त्यावरून सिद्ध झाले खरे. पण वैद्याला सांगितलेले दुखणे त्याने चव्हाट्यावर मांडले आणि तेही तिच्याच नावाखाली. असे उत्तर वाचल्यावर पुढचा कोणता रुग्ण आपली खरी तक्रार तेथे लिहील? म्हापशातील केंद्र अशा वेळी ‘पावती क्रमांकासह आमच्याशी फोनवर बोलावे’ एवढेच लिहिते, आणि तेवढेच योग्य आहे.

गोपनीयता ग्राहकाचीच असते असे मानले जाते, आणि उपचार करणाऱ्या बाईचा विचार सहसा कोणी करत नाही. तेथील एकीने मला सांगितले की पूर्वी ती किनाऱ्याजवळच्या एका स्पामध्ये असताना कोणा पर्यटकाने कौतुकाने तिचे पूर्ण नाव आणि छायाचित्र अभिप्रायात टाकले, आणि त्यानंतर अनोळखी पुरुष तिला फेसबुकवर शोधून नको ते विचारू लागले. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला होता, किंमत मात्र तिने मोजली. एस्कॉर्ट सेवांविषयी लिहिल्या जाणाऱ्या अभिप्रायांत तर हेच उघडउघड चालते : लिहिणारा पुरुष टोपणनावामागे सुरक्षित राहतो आणि आपला मजकूर खरा वाटावा म्हणून बाईच्या शरीराचे वर्णन, तिचा फोन क्रमांक, तिची ठरलेली जागा उघड करतो. तिची संमती कोणी विचारलेली नसते, आणि ती कोणाच्या सक्तीने त्या कामात आहे की कसे, याची चौकशी तर दूरच. सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या प्रतिष्ठेविषयी दिलेल्या निर्देशांत छापे, अटक व सुटकेच्या वेळी त्यांची ओळख उघड होऊ नये यासाठी प्रसारमाध्यमांनी दक्षता घ्यावी, असे म्हटले आहे. जी दक्षता वार्ताहराने घ्यायची ती अभिप्राय लिहिणाऱ्याने का घेऊ नये, हे मला समजत नाही. म्हापशातील केंद्रात उपचार करणाऱ्या कोणाचेही नाव अभिप्रायात आले तर ते प्रसिद्धीपूर्वी काढले जाते, आणि कौतुक असेल तर ते त्या व्यक्तीला वाचून दाखवले जाते.

दोन गोष्टी मात्र खटकल्या. उपचारापूर्वी भरायच्या संमतिपत्रात, उपचाराला संमती आणि ‘प्रसिद्धीसाठी छायाचित्र वापरण्यास हरकत नाही’ ही दोन्ही विधाने एकाच सहीखाली छापलेली आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती ही मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी असे म्हटले आहे, आणि संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे, असेही त्यात आहे. अशी एकत्र सही त्या कसोटीला उतरत नाही. मी तेवढा परिच्छेद खोडला, आणि काउंटरवरच्या मुलीने तो काही न विचारता स्वीकारला. परंतु माझ्यानंतर आलेल्या वृद्ध आजींनी चष्मा न लावताच सही केली, हेही मी पाहिले. दुसरे असे, की काउंटरवर गुगलवर अभिप्राय लिहिण्यासाठी क्यूआर कोड चिकटवलेला आहे. तेथे लिहिले की सहसा आपल्या खात्याचे नाव दिसते आणि त्या नावावर दाबले की आपण इतरत्र, अगदी आपल्या गल्लीतल्या बेकरीविषयी लिहिलेलेही सापडते. ज्या केंद्राने गाव लपवण्याइतकी काळजी घेतली, त्याने या कोडखाली तशी सूचना एका ओळीत द्यायला हवी. दोन्ही गोष्टी मी व्यवस्थापक बाईंना लेखी कळवल्या आहेत. संमतिपत्राचे नवे कागद छापताना सह्या वेगळ्या करू, असे त्यांनी सांगितले आहे.

तोवर नव्याने जाणाऱ्यांनी संमतिपत्र शेवटपर्यंत वाचावे आणि छायाचित्राचा परिच्छेद नको असल्यास खोडून मगच सही करावी. जुने रिपोर्ट आणि गोळ्यांची यादी सोबत न्यावी. वेळ दुपारची मागावी, तेव्हा गर्दी कमी असते. शुक्रवारी बाजारामुळे म्हापशात गाडी लावायला जागा मिळत नाही, म्हणून तो वार टाळलेला बरा.