बेल्ट दमदार, लेबल बेकार: नागपूरच्या उन्हात काढलेला एक हंगाम

आधीच सांगतो, दोर चांगले निघाले की वाईट हे मी सांगणारच आहे, पण माझं डोकं फिरलंय ते वजन उचलायच्या बेल्टवरच्या एका बोटभर लेबलमुळे. ज्याला फक्त दोरांचं वाचायचंय त्यानं लेबलचा भाग सोडून द्यावा. मला नाही सोडता येत.

माल दिवाळीनंतर नागपूरच्या इतवारी बाजारातून एकाच खेपेत घेतला. १६ एमएमची तीन पेडी पॉलिस्टर रस्सी, तेवढ्याच जाडीची निळी पीपी (पॉलिप्रॉपिलीन), थोडी १२ एमएमची नायलॉन आणि दोन टनी हिरव्या बेल्टची, म्हणजे दोन्ही टोकांना डोळे (फासे) शिवलेल्या चपट्या पट्ट्यांची जोडी. काम आमचं गच्चीवर सोलर पॅनल, टाक्या, एसीची आउटडोअर युनिटं चढवायचं. मोठं काम असलं तर हायड्रा, म्हणजे चाकांवरची क्रेन, बोलावतो, नाहीतर कप्पी आणि पोरं.

घेतानाच पॉलिस्टरबद्दल मन खट्टू झालं होतं. आपल्याकडे रस्सी किलोवर विकतात आणि इथेच गंमत आहे. १६ एमएमची पीपी शंभर मीटरला साधारण साडेअकरा किलो भरते, नायलॉन साडेसोळा आणि पॉलिस्टर वीसच्या आसपास. म्हणजे किलोचा भाव सारखा धरला तरी मीटरमागे पॉलिस्टरला जवळपास पावणेदोनपट मोजायचे. त्यात किलोचा भावही जास्त. शेटजी म्हणाले, "भाऊ, पीपीच न्या ना, काऊन पैसे घालता?" हिवाळाभर मलाही तेच पटत होतं. पीपी हलकी, पाणी पीत नाही, नवी असताना हाताला गुळगुळीत. डिसेंबरात लिहिलं असतं तर पीपीला पाचपैकी पाच दिले असते.

मग उन्हाळा लागला. एप्रिलपर्यंत पीपीचा निळा रंग फिका पडला आणि नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपता संपता रस्सी हातातून सरकवली की तळव्यावर निळसर भुकटी यायला लागली. पेड उकलून पाहिले तर वरचे धागे बोटानं चुरगळत होते, आतले बरे होते. उन्हातल्या अतिनील किरणांनी पीपी अशीच खलास होते. ते किरण सोसायचा यूव्ही मसाला घातलेली पीपी जास्त टिकते, पण किलोवर मिळणाऱ्या मालात तो किती आहे हे कोण सांगणार? दुसरा त्रास घासण्याचा. पीपी १६५ अंशांच्या आसपास वितळते, पॉलिस्टर २५० च्या वर. गच्चीच्या कठड्यावरून झपाझप ओढली की पीपीवर काचेसारखी चकाकी येते. तो भाग वितळून कडक झालेला असतो, ती रस्सीची पॉलिश नव्हे.

पॉलिस्टर त्याच उन्हात, त्याच कठड्यावर, त्याच पोरांच्या हाती होती. थोडी केसाळ झाली, बस. फारशी ताणत नाही हे तिचं खरं सुख. नायलॉनवर पॅनल अर्ध्यात थांबवलं की ते खाली-वर झुलतं, वरचा माणूस पकडायला वाकतो आणि आपला जीव टांगणीला. नायलॉन झटका मस्त सोसते, ओढायला-बांधायला ती ठेवावी, पण उचलायला मला नको. ओली झाली की तिची ताकद दहा-पंधरा टक्के उतरते आणि ॲसिडशी तिचं अजिबात जमत नाही. इन्व्हर्टरची बॅटरी चढवताना तिला हातही लावू देत नाही.

आता वजनाचं. पोरं म्हणतात, "साडेतीन टनची रस्सी आहे भाऊ, एवढ्यानं काय होते." हो, १६ एमएमची नवी पीपी साधारण साडेतीन टनाला तुटते. तुटते! उचलायचं वजन त्याच्या दहाव्या हिश्श्यापर्यंतच धरायचं, म्हणजे ३५० किलो. गाठ मारली की दोराची ताकद निम्म्यापर्यंत येऊ शकते, म्हणजे १७५. पॅनल २८-३० किलोचं, त्याला काही होत नाही. पण लोखंडी अँगलचा गठ्ठा दीडशे किलोचा असतो, आणि भुकटी सोडणाऱ्या रस्सीवर तो चढवायला माझी छाती नाही. टोकाला गाठीऐवजी पेड गुंफून डोळा करून घेतला तर जेमतेम दहा टक्के ताकद जाते. मी पॉलिस्टरला तसाच करून घेतलाय, थोडी मजुरी पडली.

बेल्टकडे येतो.

बेल्ट म्हणून माल उत्तम. हिरवा म्हणजे दोन टन. जांभळा एक, पिवळा तीन, करडा चार, लाल पाच, हे रंग ठरलेले असतात. सरळ टांगला तर दोन टन, फास घालून उचललं तर ऐंशी टक्के म्हणजे १.६ टन, खालून झोळीसारखा घेऊन दोन्ही डोळे हुकात अडकवले तर चार. दोन बेल्ट पसरून लावायचे असतील तर कोनाकडे बघा: एक टनाच्या नगाला बेल्ट आडव्या रेषेशी ६० अंशात असले तर प्रत्येकावर ५७७ किलो, ४५ ला ७०७, आणि ३० पर्यंत लोळवले तर प्रत्येकावर पूर्ण टन. हायड्रावाल्याला उंची वाचवायची असते, तो बेल्ट लोळवतोच. माझे बेल्ट त्यातूनही शिवण न उसवता निघाले.

पण लेबल! निळं लेबल म्हणजे पॉलिस्टर, त्यावर वजन, लांबी, नंबर, सगळं छापलेलं. जूनपर्यंत एकाची शाई उडाली, आणि हिरवा बेल्टही असा विटला की लांबून करडा वाटावा. करडा म्हणजे चार टन, हे लक्षात घ्या. हिंगणा एमआयडीसीत एका शेडच्या कामावर सेफ्टी ऑफिसरनं तो बाजूला काढला. "लेबल वाचता येत नाही, चालणार नाही साहेब." हायड्राचं भाडं तर तासावर चालू. कंपनीला फोन लावला, तर तिथली बाई म्हणे लेबल वॉरंटीत येत नाही. नवं लेबल द्या म्हटलं तर तेही नाही, परत टेस्ट केल्याशिवाय शिवता येत नाही.

चार दिवस मी त्या बाईशी वाद घातला. मग शांत डोक्यानं पाहिलं तर नवं लेबल न देण्यात तिचं बरोबर होतं. मागेल त्याला लेबल देणाऱ्या कंपनीचा बेल्ट मी तरी डोक्यावर टांगला नसता. ऑफिसरवरचा रागही गेला. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या फॅक्टरी ॲक्ट १९४८ च्या कलम २९ प्रमाणे उचलायचे दोर, साखळ्या वर्षातून एकदा तरी सक्षम माणसाकडून तपासून घ्याव्या लागायच्या, आणि नंबरच दिसत नसेल तर कोणता बेल्ट तपासला हे तो कशावरून ठरवणार?

माझा सवाल वेगळा आहे. बेल्ट उन्हात वापरायचा हे माहीत असून एका उन्हाळ्यात उडणारी शाई का? काही कंपन्या लेबलचा एक भाग शिवणीखाली दडवतात, तो शाबूत राहतो. एवढ्या सोयीला किती रुपये लागत असतील? दोन रुपयांसाठी हजारोंचा बेल्ट बाद. दोन्ही डोळे कापून त्याचे तुकडे केले आणि कठड्याच्या धारेवर रस्सीखाली घालतोय, बारदानापेक्षा बरे पडतात. दुसऱ्याच्या लेबलवर पारदर्शक प्लास्टिक गुंडाळलंय, सध्या वाचता येतंय.

बाकी निगा साधी. साध्या पाण्यानं धुवायचं, सावलीत वाळवायचं, गच्चीवर पडू द्यायचं नाही. नवा कॉइल आतल्या टोकाकडून, घड्याळाच्या उलट्या दिशेनं सोडवायचा, नाहीतर पिळाचे आकडे पडतात.

पुढच्या हंगामाला पॉलिस्टरच घेणार. पीपी पॅनल टेम्पोत बांधण्यापुरती. अडचण एवढीच की शेटजी पॉलिस्टरचा २२० मीटरचा कॉइल कापून द्यायला तयार नाही, आणि मला शंभरच्या वर नको. वाडी-हिंगण्याकडे कोणी अर्धा वाटून घेणारा असेल तर फेब्रुवारीच्या आत बोला, कूलरचा सीझन लागला की भाव चढतो.