घरी केलेली स्टाऊट (काळी बियर) ८ महिने ठेवून पाहिली, त्याचा अनुभव

दोन आठवड्यांनी पहिली बाटली उघडली तेव्हा अख्खी बॅच मोरीत ओतायच्या बेतात होतो. २० लिटर स्टाऊट, ओजी (आंबण्याआधीची घनता) १.०८०, एफजी (आंबल्यानंतरची) १.०२०, म्हणजे साधारण ८ टक्के अल्कोहोल, बाटलीत भरताना लिटरला ६ ग्रॅम साखर, सगळं नीट केलेलं. आणि चव काय तर जळक्या कॉफीत कच्चं हिरवं सफरचंद किसून टाकल्यासारखी! ते सफरचंद म्हणजे अ‍ॅसिटाल्डिहाइड, म्हणजे आंबताना मधेच बनणारं एक रसायन, चूक माझीच, घनतेचं रीडिंग उतरायचं थांबलं की लगेच बाटल्या भरल्या, यीस्टला मागची आवराआवर करायला वेळच दिला नाही.

कंटाळा करून खोकं कॉटखाली सरकवलं, एवढंच काय ते डोकं चालवलं म्हणा. दीड-दोन महिन्यांनी परत एक उघडली तर सफरचंद गायब, बाटलीत उरलेलं यीस्ट ते खाऊन टाकतं. जळकटपणा मात्र होताच, घशाशी चहाचा चोथा चावल्यासारखं तुरट. तो गेला चौथ्या महिन्यात, भाजलेल्या माल्टमधली (मोड आणून वाळवलेलं धान्य) टॅनिन्स, म्हणजे तुरट द्रव्यं, प्रथिनांना चिकटून हळूहळू खाली बसतात, तळाला गाळाचा थर दिसतोच. मग मागून चॉकलेट वर आलं. सहाव्या महिन्यातली बाटली सगळ्यात भारी, फेस दाट, कडवटपणा आहे पण टोचत नाही, आठ टक्के आहे हे ग्लास संपल्यावरच कळतं.

पण ठेवलं की सगळं सुधारतं असं अजिबात नाही हं. त्याच सुमारास केलेली पेल एल (फिकट रंगाची बियर) पण हावरटासारखी ठेवली, तीन महिन्यांत हॉप्सचा (बियरला वास आणि कडवटपणा देणारी फुलं) वास पार उडाला, नुसतं गोडसर पाणी उरलं, ती महिन्याभरातच संपवायला हवी होती. आणि एक जुनी बॅच, उकाड्यात फर्मेंट झालेली, थिनरसारखा भपका मारायची, ती वर्षभर ठेवूनही तशीच, फ्यूजल अल्कोहोल (उकाड्यात आंबताना जास्त बनणारी जड अल्कोहोलं) बाटलीत बसून जात नाही.

आठव्या महिन्यात स्टाऊटच्या एका बाटलीला ओल्या पुठ्ठ्याची चव आली, झाकण नीट दाबलं गेलं नव्हतं, हवा शिरली. बाकीच्या ठीक आहेत. आता ५ उरल्यात, त्यातल्या दोनांवर तारीख लिहून भिंतीकडच्या बाजूला ढकलल्यात, म्हणजे पाहुणे आले तरी हाताला लागणार नाहीत.