उंच टॉवर की छोटे सेल: आधी मर्यादेचा आकडा बघा

दाट वस्तीत नेटवर्कची क्षमता वाढवायची तर दोन वाटा आहेत. असलेल्या टॉवरवर आणखी बँड (वारंवारितांचे पट्टे) चढवायचे, नाहीतर रस्त्यावरच्या खांबांवर कमी शक्तीचे छोटे सेल, म्हणजे छोटे मोबाइल अँटेना, पसरायचे. बहुतेक जण खर्चापासून सुरुवात करतात. पण निम्मा निर्णय लोकांपर्यंत पोचणाऱ्या विद्युतचुंबकीय क्षेत्राच्या मर्यादेतच होऊन जातो.

अशा क्षेत्रांपासून संरक्षणाचे निकष सुचवणाऱ्या इक्निर्प (ICNIRP) या आंतरराष्ट्रीय आयोगाची सामान्य लोकांसाठीची मर्यादा ९०० मेगाहर्ट्झला सुमारे ४१ आणि २ गिगाहर्ट्झच्या वर सुमारे ६१ व्होल्ट प्रति मीटर आहे. काही देश याहून बरेच कडक असतात. इटलीत घरांसाठी अनेक वर्षं ६ चा आकडा होता, तो २०२४ मध्ये १५ झाला. फरक केवढा पडतो बघा. मुख्य झोताच्या दिशेने २,५०० वॉट प्रभावी शक्ती असलेल्या अँटेनासमोर ६१ साठी साडेचार मीटर मोकळे सोडले की भागतं; ६ साठी सुमारे ४६ मीटर लागतात. तेवढ्याच शक्तीच्या तीन कंपन्या एका टॉवरवर आल्या तर ७९. समोरच्या इमारतीचा वरचा मजला त्या टप्प्यात आला, की नवा बँड अडला. १० वॉटच्या छोट्या सेलला मात्र ६ साठीही तीन मीटर पुरतात.

म्हणून छोटे सेलच बरे? इतकं सोपं नाही. प्रत्येकाला वीज, फायबर आणि परवानगी हवी, शिवाय खांब बुटका असल्याने माणसं जवळून जातात. वेगाने जाणाऱ्या गाड्यांतले फोन सतत सेल बदलत राहतात, आणि इमारतींच्या आत खोलवर पोचायला टॉवरवरचा कमी वारंवारितेचा बँडच लागतो.

छोट्या सेलच्या बाजूने एक मुद्दा मात्र रहिवाशांच्या सभांमध्ये हमखास निसटतो. वापरणाऱ्याला सर्वाधिक क्षेत्र त्याच्या स्वतःच्या फोनमधून मिळतं, आणि सिग्नल चांगला असेल तर फोन आपली शक्ती कमी करतो. ‘अँटेना लांब न्या’ या मागणीने नेमकं उलटं होऊ शकतं.

टॉवरच्या बाजूने बोलायचं तर झोत वळवणारे नवे अँटेना एकाच दिशेला कायम पूर्ण शक्ती टाकत नाहीत. तुमच्याकडचा नियम कमाल शक्तीऐवजी ठरावीक काळाची सरासरी धरत असेल, तर टॉवरवर बरीच जागा मोकळी होते.

मर्यादा इक्निर्पच्या आसपास असेल तर मी आधी टॉवर भरून घेईन. ६ च्या जवळ असेल, तर टॉवर फक्त कव्हरेजसाठी ठेवून गर्दीचा भार छोट्या सेलवर टाकीन.