३०४ स्टेनलेस सांगून धुराचा साधा लोखंडी पाइप बसवला

कॅराव्हॅन घेऊन कोकणात फिरणाऱ्यांनी, आणि तसा धंदा सुरू करायच्या विचारात असलेल्यांनी, हे जरूर वाचावं. माझे बासष्ट हजार गेले. त्यापेक्षा जास्त मनाला लागलंय ते आईचं, पण ते पुढे सांगतो.

गुहागरच्या बाजूला आमचं घर. २०२१ मध्ये राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण आलं, तेव्हापासून डोक्यात होतं. दोन वर्षांपूर्वी झोपायची सोय असलेली, कागदपत्रं चोख असलेली एक जुनी बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांतली) डिझेल गाडी घेतली. अडचण एकच: एवढं धूड वेळणेश्वर-हेदवीकडच्या वाड्यांतून वळत नाही. समोरून एसटी आली की मागे घेता घेता घाम फुटतो. म्हणून वाटलं, मागे आपली छोटी कार जोडून न्यावी, मोठी गाडी एका जागी लावावी आणि कारने फिरावं.

महामार्गालगतच्या एका फॅब्रिकेशनवाल्याने मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ दाखवले. तिकडे मोटरहोममागे कार ओढून नेतात, हे खरंच आहे. मी परवानगीचं विचारलं. "काका, ते माझ्यावर सोडा. आरटीओत आपली रोजची उठबस आहे." खोटं इथूनच सुरू झालं. आपल्याकडे बंद पडलेली गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत ओढून न्यायला मुभा आहे. धडधाकट कार सहलीला मागे बांधून न्यायला नाही. आरटीओत जाऊन मी स्वतः विचारायला हवं होतं. नाही विचारलं.

गाडीचा धूर मुळात बाजूने, दाराजवळ निघायचा. तिथेच आम्ही छत ताणून बसतो. तो म्हणाला, धूर मागे काढू. मागच्या कारला झळ लागू नये म्हणून ३०४ या प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा पाइप, त्यावर सिरॅमिक कोटिंग, वरून उष्णतारोधक पट्टी, आणि पाइपाच्या तोंडाशी पत्र्याची ढाल. ऐकताना एकही शब्द खटकला नाही, कारण या सगळ्या वस्तू खरोखरच असतात. दहा हजार यूपीआयने दिले, बावन्न हजार रोख. बिल मागितलं तर "अठरा टक्के वाढतील काका."

मे महिन्यात काम झालं. पाऊसभर गाडी फारशी निघाली नाही. दिवाळीनंतर आईला घेऊन कराडला निघालो. शिरगाव-पोफळी मागे टाकून कुंभार्ली घाट चढू लागलो आणि अर्ध्या चढावर जळक्या प्लास्टिकचा वास आला. आधी वाटलं क्लच जळतोय. उतरून मागे गेलो तर कारचा बंपर एका बाजूने मेणासारखा लोंबत होता. जाळी आत वाकलेली, रंगाला फोड आलेले.

फोन लावला तर तो म्हणाला, "तुम्ही घाटात रेटली असणार. माझी गॅरंटी सपाट रस्त्याची."

कार सोडवली, मुलाने ती चालवली आणि आम्ही चिपळूणला परतलो. तिथे एका जुन्या मेकॅनिककडे गाडी नेली. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी आधी डिझेलचा काजळी-फिल्टर जागेवर आहे का ते पाहिलं. हे लोक तोही काढून विकतात म्हणे. तो होता. मग पाइपाला लोहचुंबक लावलं. टक्कन चिकटलं. ३०४ ला चुंबक जवळपास धरतच नाही. चाचांनी एक गोष्ट नीट समजावली: ४०९ नावाचं स्टेनलेस चुंबकाला धरतं आणि कंपन्या ते सायलेन्सरला वापरतात. म्हणजे चुंबक चिकटलं की लोखंडच, असं नाही. पण ३०४ नाही हे पक्कं. मग पट्टी सोडली, तर खालून गंजाचे पापुद्रे निघाले, म्हणजे साधं लोखंडच. पट्टीत ओल धरून राहते, त्यात आपली खारी हवा. एका पावसात पाइप चाळणीच्या वाटेला लागला होता. सिरॅमिक कोटिंग म्हणजे चंदेरी रंग होता. ढाल बॉडीला थेट स्क्रूने आवळलेली, मध्ये बोटभरही फट नाही. पत्रा आणि बॉडी यांच्यामध्ये हवा खेळायला जागा असेल तरच ढाल उष्णता अडवते, नाहीतर तापलेला पत्रा ती थेट पुढे पोचवतो.

पण सगळ्यात मोठी लबाडी वेगळीच होती. बीएस-६ डिझेल गाडीतला काजळी-फिल्टर मधूनमधून स्वतःला जाळून साफ करतो. त्या वेळी फिल्टरमधलं तापमान ६०० अंशांच्या आसपास जातं आणि शेपटाकडून निघणारा धूर एरवीपेक्षा कितीतरी कडक असतो. बंपर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. तो साधारण १६० अंशांना वितळतो, त्याच्या बऱ्याच आधी मऊ पडतो. अशा गाडीचा धूर सरळ मागच्या कारच्या तोंडावर सोडायचा नसतो. तो खाली किंवा बाजूला वळवतात. अमेरिकेत २००७ नंतरच्या बऱ्याच डिझेल गाड्यांना तर धुरात बाहेरची हवा मिसळून तो थंड करणारं खास टोक असतं. व्हिडिओ दाखवणाऱ्याने एवढं तरी बघायला हवं होतं.

आता आईचं. नवा पाइप मागच्या पलंगाखालून नेला होता. चाचांनी फळी उचलली, तर एका सांध्याभोवती काळी काजळी पसरलेली. वेल्डिंगला बारीक भोकं होती. दोन प्रवासांत आई त्याच पलंगावर आडवी झाली होती आणि दोन्ही वेळा तिचं डोकं दुखलं, मळमळलं. घाटात गाडी लागते म्हणून आम्ही तिच्या हातात लिंबू देत होतो. डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड पेट्रोलपेक्षा कमी असतो, पण खिडक्या बंद करून झोपलेल्या म्हाताऱ्या माणसाला किती पुरतो, याचा विचार करून मला अजून रात्री जाग येते. त्या वायूला ना वास, ना रंग.

चाचांनी कंपनीचा पाइप मागवून धूर पुन्हा बाजूने काढला. मूळ पाइप त्या माणसाने "भंगार" म्हणून ठेवून घेतला होता. काढलेला भाग आपला असतो, तो गाडीत टाकायला लावा. कार ओढायचा दांडा उतरवला. वाड्यांत आता गावातली रिक्षा बोलावतो. पलंगाजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावलाय.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोललो, मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली. घटनेपासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. माझ्याकडे बिल नाही. दहा हजारांची यूपीआय नोंद, "३०४ चाच टाकलाय काका" असा त्याचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आणि चाचांनी कापून दिलेला पाइपाचा तुकडा, एवढंच हातात आहे. निकाल लागायचा आहे.

तुमच्या गाडीचा पाइप कोणी असाच वाढवून मागे नेला असेल, तर आज मागच्या पलंगावरच्या माणसाला पुढे बसवा, खिडक्या उघडा, आणि फळी उचलून काजळी दिसते का ते बघा.