पेंटासीन की टिप्स-पेंटासीन?

लातूर-नांदेडकडच्या महाविद्यालयात सेंद्रिय ट्रान्झिस्टर (सिलिकॉनऐवजी कार्बनी संयुगाचा) करायचा, तर पहिला प्रश्न पदार्थाचा येतो. साध्या पेंटासीनच्या, म्हणजे ओळीने जोडलेल्या पाच बेंझिन वलयांच्या अर्धवाहकाच्या, चांगल्या थरात विद्युतभारांची चलनशीलता (ते किती सहज सरकतात त्याचे माप) प्रति व्होल्ट-सेकंद 1 चौरस सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे अस्फटिकी सिलिकॉनच्या तोडीस पोहोचते. परंतु ते द्रावकात जवळजवळ विरघळत नसल्याने त्याचा थर बहुधा निर्वात कक्षातच बसवावा लागतो, आणि मध्येच वीज गेली की केल्या कष्टांवर पाणी पडते.

म्हणून माझा कौल टिप्स-पेंटासीनला आहे. रसायनज्ञ जॉन अँथनी यांच्या गटाने 2001 मध्ये मांडलेल्या या रेणूत मधल्या वलयावर दोन अवजड सिलिकॉनयुक्त गट जोडलेले असल्याने तो टोल्यूइन या द्रावकात सहज विरघळतो, आणि थेंब सावकाश वाळला की कडेपासून आत सरकणारे सुईसारखे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतात. मात्र आपल्याकडच्या 40 अंशांच्या उन्हाळ्यात द्रावक भराभर उडतो. तेव्हा थेंब झाकूनच वाळवावा.